बोटीवरचा लपणारा टीव्ही, आणि एक कमी झालेली सीट

९ मार्च २०२५, रविवार. दुबईत भारत-न्यूझीलंड, चॅम्पियन्स ट्रॉफीचा अंतिम सामना. इकडे मालवणजवळच्या देवबागला आमच्या पर्यटक बोटीच्या साडेचारच्या फेरीचं चौदा जणांचं पूर्ण बुकिंग. दुपारी एकला पहिला फोन आला, "ताई, आजच्याऐवजी उद्या आलो तर चालेल का?" दीडला दुसरा. साडेचारला बोटीवर मी होते, तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, माझा धाकटा दीर होता आणि त्याच्या मोबाइलवर मॅच होती.

तेव्हा मी सहज बोलून गेले, की पुढच्या बैठकीवर एक टीव्ही असता तर लोक आले असते. या एका वाक्याचे पुढे दोन लाख पाचशे रुपये आणि जवळपास आठ महिने झाले. सगळं लिहून ठेवतेय, कारण मी शोधायला बसले तेव्हा फक्त परदेशी यॉटचे व्हिडिओ सापडले. बटण दाबलं, सोफ्यामागून पडदा वर आला, मागे संगीत. त्या सोफ्यामागच्या खोक्यात पाणी शिरलं तर काय करायचं, हे कोणी सांगत नव्हतं.

आमची बोट चौतीस फुटी, फायबरची. कर्ली नदीच्या मुखाजवळ, एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र अशी आमची जमिनीची चिंचोळी पट्टी आहे. तिथून संगम, भोगव्याचा काठ अशी फेरी मारून आणतो. बोटीला वर छप्पर आहे, बाजू मोकळ्या. नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे, इंग्रजी यू आकाराची बैठक, मध्ये टेबल. सुकाणू मागे, म्हणजे तांडेल पाहुण्यांच्या डोक्यांवरून पुढचं पाणी बघत बोट चालवतो. सूर्यास्तानंतर बोट चालवायची नाही, पण जेटीला बांधून त्याच बैठकीवर रात्रीचं जेवण देतो. टीव्ही हवा होता तो या वेळेसाठी.

छपराला टांगायचा विचार दिरानेच पहिल्या दिवशी मोडीत काढला. "माका फुडचा दिसाक होया, मगे तुमचो टीव्ही." शिवाय टांगलेल्या टीव्हीवर दिवसभर खारा वारा बसणार, लाटेवर तो थरथरणार, आणि जी नदी बघायला लोक येतात तिच्या मधोमध काळा चौकोन लटकणार. म्हणून वर येणारा आणि खाली जाणारा. नवरा कुडाळला नोकरीला असतो, त्याला मत द्यायला फक्त रविवार मोकळा. त्याचं मत होतं, प्रोजेक्टर घे. पुढचे तीन रविवार त्याने तेच मत दिलं.

एप्रिलचा पहिला आठवडा मापं घेण्यात गेला. बैठक ४२ सेंटिमीटर उंच, तिची पाठ वर ३०, एकूण ७२. पाठीमागे नाळेपर्यंत हातभर जागा होती, तिथे दोर आणि जुनी लाइफ जॅकेटं कोंबलेली असायची. खोकं तिथेच बसणार हे ठरलं. टीव्ही ३२ इंची की ४३ इंची यावर घरात दोन तट पडले. मी पुठ्ठ्याचे दोन्ही मापांचे चौकोन कापले, टीव्हीवर असतो तेवढ्याच आकारात कोपऱ्यात मार्करने धावसंख्या लिहिली, नाळेकडे उभे केले आणि सासूबाईंना सगळ्यात मागच्या सीटवर बसवलं. बत्तीसवरचा आकडा त्यांना वाचता आला नाही. त्रेचाळीसवरचा आला. त्रेचाळीस इंची टीव्ही साधारण ९६ सेंटिमीटर रुंद आणि ५६ उंच भरतो. पट्ट्या-बिट्ट्या धरून खोकं आतून रुंदीला एक मीटरच्या वर आणि उंचीला ६८.

दुसरी चाचणी फुकट आहे आणि ती प्रत्येकाने करावी. घरातला टीव्ही उचलून एक्स्टेन्शन लावून दुपारी साडेचारला जेटीवर नेला. चालू केला तर त्यात आम्ही दिसत होतो. मी, दीर, मागे माड आणि माडामागे सूर्य. आवाजावरूनच कळत होतं की बातम्या लागल्यात. घरच्या टीव्हीचा उजेड साधारण २५० ते ३५० निट्स असतो. बाहेर सावलीत बघायचा तर सातशेच्या आसपास लागतो, आणि थेट उन्हात दीड-दोन हजार. तसे खास बाहेरचे टीव्ही मिळतात, किंमत लाखांत जाते. आमच्या टीव्हीत सव्वासहाला माणसं दिसायला लागली, पावणेसातला चित्र चांगलं झालं. आमचं जेवण साडेसातला. म्हटलं, घरचाच टीव्ही पुरे.

याच आठवड्यात मी माझी पहिली मोठी चूक केली. उतावळेपणाने, कोणालाही न विचारता, दोन लिनिअर अ‍ॅक्चुएटर ऑनलाइन मागवले. अ‍ॅक्चुएटर म्हणजे आत मोटर असलेला दांडा, वीज दिली की लांब होतो, उलटी दिली की आखडतो. माझा टीव्ही ६० सेंटिमीटर वर यायला हवा, म्हणून ६० सेंटिमीटर स्ट्रोकचे, म्हणजे तेवढे लांब होणारे, घेतले. ९,४०० रुपये. आल्यावर टेप लावली तर बंद अवस्थेतच दांडा साडेबहात्तर. स्ट्रोक साठ असला तरी मोटर आणि दोन्ही टोकांची कडी मिळून वर दहा-बारा सेंटिमीटर जातातच. अडुसष्टच्या खोक्यात साडेबहात्तरचा दांडा. वर्णनात "बंद लांबी" लिहिलेली होती, मी वाचली नव्हती. अजून ते दोन्ही माळ्यावर आहेत. कोणाला गोठ्याचं दार आपोआप उघडायचं असेल तर कळवा.

आता कागद. आमची बोट महाराष्ट्र सागरी मंडळाकडे नोंदलेली आहे, दरवर्षी तिचं सर्वेक्षण होतं. तिला लागतो तो नदी-खाडीतल्या बोटींचा २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा. बोटीच्या मजबुतीवर, स्थिरतेवर किंवा सुरक्षिततेवर परिणाम होईल असा बदल करायचा तर आधी लेखी परवानगी लागते. टीव्हीने काय होतंय, असं मलाही वाटलं होतं. पण छिद्रं पाडून मग विचारायला जाण्यापेक्षा आधी गेलेलं बरं, म्हणून २२ एप्रिलला बंदर कार्यालयात अर्ज दिला. सोबत पेन्सिलने काढलेला नकाशा. टेबलामागच्या साहेबांनी तो नीट बघितला आणि विचारलं, "मॅडम, वजन कुठे लिहिलंय?"

मी म्हटलं, टीव्ही नऊ किलो.

"आणि टीव्ही उचलणारं? खोकं? बॅटरी? आणि हे सगळं नाळेकडे, बरोबर?"

अर्ज परत आला आणि त्यात चूक माझीच होती. गोव्यातला एक नेव्हल आर्किटेक्ट, म्हणजे बोटींचा आराखडा आणि तोल बघणारा, शोधला, फी १२,००० रुपये. तो ४ मेला आला, बोटीची मापं घेतली आणि आम्हा घरच्यांना, शेजाऱ्यांना आणि दोन पाहुण्यांना बोटीच्या एका काठाला उभं करून बोट किती कलते ते मोजलं. सासरे त्याला म्हणाले, पन्नास वर्षं आम्ही हे डोळ्याने बघतो. तो हसला, आणि टेप लावत राहिला. त्याच्या हिशेबाने टीव्ही ९, यंत्रणा २६, खोकं २३, बॅटरी १२, वायर-इन्व्हर्टर वगैरे ३, एकूण ७३ किलो. बॅटरी आणि इन्व्हर्टर मागे, इंजिनाच्या बाजूला ठेवायचे, म्हणजे नाळ दबणार नाही. मी खरं तर घरातल्यासारखी मोठी ट्यूब्युलर बॅटरी लावणार होते. ती एकटीच पन्नास किलोच्या आसपास भरते हे ऐकून लिथियमवर आले. त्यातली फॉस्फेटवाली, १०० अँपिअर-तासांची, बारा किलोची.

त्याचा अहवाल जोडून १३ मेला पुन्हा अर्ज, २१ मेला पाहणी, २ जूनला पत्र. पत्रात चार अटी होत्या. बोट चालू असताना टीव्ही वर येता कामा नये, आणि वर असेल तर इंजिन सुरू करताना भोंगा वाजला पाहिजे. २३० व्होल्टच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच. खोक्यातलं पाणी बोटीत न येता बाहेर गेलं पाहिजे. आणि चौथी: प्रवासी चौदाऐवजी तेरा.

माणशी ७५ किलो धरतात. माझा टीव्ही हाच एक प्रवासी झाला होता, तिकीट न काढणारा.

त्या रात्री मी खरंच सगळं सोडून द्यायच्या विचारात होते. माणशी ४०० रुपये, सीझनला पूर्ण भरलेल्या फेऱ्या समजा दीडशे. वर्षाचे साठ हजार रुपये. टीव्हीची किंमत आम्ही महिनाभर वीस-पंचवीस हजार धरून चाललो होतो. वही घेऊन बसले आणि उलट बाजूने हिशेब मांडला. बोटीवरच्या जेवणाला आठवड्याला चार टेबलं जास्त लागली तर सीट भरून निघते. लागतील का, हे मला आजही छातीठोक सांगता येत नाही. पण तेव्हा दीर म्हणाला की पूर्ण भरलेल्या फेरीत चौदावा माणूस तसाही अडचणीतच बसतो. तेवढ्यावर मी होकार दिला. तुम्ही असं काही करणार असाल तर किंमत विचारायच्या आधी वजन विचारा, एवढंच सांगते.

त्या वर्षी पाऊस थांबलाच नाही. दरवर्षी आम्ही २६ मेच्या सुमारास बोट वर ओढतो. या वेळी २० तारखेपासूनच झोडपायला लागला आणि २५ मेला मान्सून देवगडला पोचल्याचं वेधशाळेने जाहीरही केलं. पाहणी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, भर पावसात, ओंडक्यांवरून बोट आत घेतली. वर ताडपत्री, बाजूंना झावळ्या. पुढचे चार महिने ती मांगरासारखी अंगणात बसून होती.

१० जूनला फोंडा घाट चढून कोल्हापूरला गेले. ओळखीतून एक फॅब्रिकेशनवाले काका मिळाले होते. त्यांना माझा अडुसष्टचा प्रश्न सांगितला. त्यांनी वहीत काहीच काढलं नाही, मला शेडच्या मागे नेलं. तिथे जुनी फोर्कलिफ्ट उभी होती. "हे बघा ताई. आतला दांडा किती वर आला? आणि फाळ किती वर गेली?" दांडा एक हात वर, फाळ दोन हात. साखळी पुलीवरून फिरवलेली असल्यामुळे दुप्पट उचल मिळते. "तुमचं बी तसंच करूया की. तीस सेंटिमीटरचा दांडा, साठची उचल. फक्त जोर दुप्पट लागतोय." वर जाणारी चौकट आणि टीव्ही मिळून २३ किलो, दुप्पट ४६, त्यात घर्षण. त्यांनी शंभर किलो उचलणारा अ‍ॅक्चुएटर धरला. तीस सेंटिमीटर स्ट्रोकचा दांडा बंद झाला की बेचाळीसच्या आसपास, म्हणजे खोक्यात वर जागाच जागा. माझे साडेनऊ हजार वाचले असते, पण ते आधी गेले नसते तर मी इथपर्यंत आलेही नसते. पाच आठवडे सांगितले, सात लागले. ५८,००० रुपये.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसले. स्टेनलेस स्टील ३१६ नंबरचंच. ३०४ नंबरचं त्यांना सहज मिळत होतं आणि स्वस्त पडत होतं. खाऱ्या हवेत ३०४ वर चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग येतात आणि मग खड्डे पडतात. आमच्या रेलिंगवर ते डाग आहेत. ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, त्याने फरक पडतो. लोक लोहचुंबक लावून बघतात, त्याचा उपयोग नाही, दोन्हींना चुंबक धरत नाही. काकांकडे तपासणीच्या द्रवाची बाटली होती. माझ्यासमोर प्रत्येक नळीवर एकेक थेंब टाकला, रंग बदलायची वाट बघितली. मीही घरून भाकरी-चटणी नेली होती, वाट बघायला हरकत नव्हती. अ‍ॅक्चुएटरचं अंग अ‍ॅल्युमिनियमचं, त्याला स्टीलचे बोल्ट. दोन वेगळे धातू, मध्ये खारं पाणी, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जाणार. म्हणून मध्ये नायलॉनचे वॉशर आणि भरपूर ग्रीस.

खोकं घरीच बांधलं. आयएस ७१० शिक्का असलेलं मरीन प्लायवुड, अठरा मिलिमीटर. सुतार आमच्याच वाडीतला. नकाशा बघून दिराने जो प्रश्न विचारला त्यावर पुढचं सगळं ठरलं. "वयनी, ह्या खोक्यात पाणी गेला तर भायर खयसून येतला?"

मी तोपर्यंत पाणी आत जाऊ नये एवढाच विचार केला होता. झाकणाला रबर, कडेला रबर. तो म्हणाला, रबर एक पावसाळा टिकतं. मग झाकणाखाली चारी बाजूंनी दोन बोटं खोल पन्हळ केली. रबरातून पाणी शिरलं तर ते पन्हळीत पडणार, आणि पन्हळीच्या दोन्ही टोकांना नळी, ती थेट बोटीच्या बाहेर, पाण्याच्या पातळीच्या बऱ्याच वर. खोक्याच्या तळाला उतार आणि तिथेही एक नळी. वायर आत येते तिथे आधी खाली झोळ देऊन मग वर घेतली, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळाच्या टोकाला टपकून जातं.

फायबर चढवायचं काम पावसाने अडलं. १८ जुलैला पहिला थर दिला, मॅट लावली, रेझिन ओतलं. दुसऱ्या दिवशी चिकट. तिसऱ्या दिवशीही चिकट. हवेत इतकी ओल असताना रेझिन नीट धरत नाही, आणि घाईने हार्डनर वाढवला तर ते तापून तडकतं. फायबरवाल्याने सगळं खरवडून काढलं आणि म्हणाला, नारळी पौर्णिमेनंतर बघू. ८ ऑगस्टला समुद्राला नारळ दिला, त्यानंतर चार दिवस उघडीप मिळाली आणि तीन थर झाले. जेलकोट, म्हणजे सगळ्यात वरचा गुळगुळीत थर, राहिला होता तोवर गणपती आले, २७ ऑगस्ट. कोकणात गणपतीत कोणाला कामाला बोलावणं म्हणजे भांडण मागून घेणं. मी बोलावलं नाही. १ सप्टेंबरला सीझन सुरू झाला, शेजारच्या बोटी पाण्यात गेल्या, आमची अंगणात. ते दिवस वाईट गेले. रोज सकाळी कोणीतरी विचारायचं, "काय, थिएटर झालं काय?"

वायरिंगमध्ये दुसरी चूक. गावातल्या इलेक्ट्रिशियनने घरात वापरतात ती अडीच स्क्वेअरची (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर जाडीची) वायर ओढली आणि मीही काही बोलले नाही. बटण दाबलं, चौकट हातभर वर आली, कुंथली आणि थांबली. बॅटरीजवळ मीटर १२.९ दाखवत होता, मोटरजवळ साडेअकराच्या खाली. बॅटरी मागे आणि मोटर नाळेकडे, अंतर नऊ मीटर. जायचं-यायचं धरून अठरा. बारा व्होल्टला करंट जास्त लागतो, आमची मोटर उचलताना बारा अँपिअर खायची, आणि बारीक वायरमध्ये दीड-पावणेदोन व्होल्ट वाटेतच जायचे. घरात २३० मधले दोन गेले तर कळतही नाही. १० स्क्वेअरची वायर घातल्यावर वाटेतली गळती अर्ध्या व्होल्टच्याही आत आली. वायर कल्हई केलेली, टिन्ड कॉपर घ्या. साधी तांब्याची आपल्या हवेत प्लास्टिकच्या आतून हिरवी होत जाते. ती मिळवायला गोव्याला जावं लागलं. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभराच्या आत.

बोटांची भीती मला सगळ्यात जास्त होती. जाऊबाईंचा मुलगा चार वर्षांचा आहे आणि कुठलंही भोक दिसलं की त्यात बोट घालतो. झाकण बंद होताना कडेत शेवग्याची शेंग धरून बघितली. कट् करून दोन तुकडे. त्याच दिवशी अ‍ॅक्चुएटरबरोबर आलेला रिमोट काढून टाकला. आता बटण दाबून धरावं लागतं, सोडलं की जागच्या जागी थांबतं, आणि बटण अशा ठिकाणी आहे जिथून झाकण दिसतंच. यॉटच्या व्हिडिओसारखं ऐटीत नाही दिसत. चालेल. इंजिनाची किल्ली फिरवली की वर जाण्याची लाइन रिलेने, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचने, तुटते. टीव्ही वर असताना किल्ली फिरवली तर भोंगा. ही दोनशे रुपयांची रिले त्या पत्रातली सगळ्यात शहाणी अट होती.

टीव्ही सर्वात शेवटी घेतला, आणि तो उशीर पथ्यावर पडला. ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबरपासून २८ टक्क्यांवरून १८ वर आला. घटस्थापनेच्या त्याच आठवड्यात २३,५०० ला मिळाला. वॉरंटी कार्ड आधी वाचा. घरगुती टीव्ही धंद्याच्या ठिकाणी किंवा बाहेर लावला तर वॉरंटी मिळत नाही, तशी आमच्याही कार्डावर ओळ आहे. डीटीएचचंही तसंच, घरचं कनेक्शन धंद्याला चालत नाही, कमर्शियल वेगळं घ्यावं लागतं. आणि बोटीवर छत्री लावायचा विचारच नको. भरती-ओहोटीला बोट जरा फिरली की छत्री भलतीकडेच तोंड करते. मोबाइलच्या सिमवर चालणारा छोटा राउटर ठेवलाय. चारच बोल्ट आणि दोन प्लग काढले की टीव्ही बाहेर येतो, पावसाळ्यात तो घरात राहणार. हे नकाशातच ठरवून ठेवा, नंतर करायला गेलं तर हात जात नाही.

६ ऑक्टोबरला नारळ फोडून बोट पाण्यात. ९ ला वार्षिक सर्वेक्षण आणि बदलाची तपासणी एकत्रच झाली. साहेबांनी झाकणावर वीस बादल्या ओतायला लावल्या. सतराव्या बादलीला वायर आत येते तिथल्या ग्लँडमधून, म्हणजे आवळायच्या नटातून, एक थेंब आत आला. ती आवळली, पुन्हा पाच बादल्या. कोरडं. प्रमाणपत्र आठ दिवसांनी मिळालं, त्यावर प्रवासी तेरा. विमा कंपनीला तेच जोडून पत्र दिलं, पॉलिसीत टीव्ही आणि यंत्रणेची नोंद करून घेतली. नोंद नसेल तर भरपाईच्या वेळी "हे बोटीत होतं कुठे" असा प्रश्न येऊ शकतो. फी आणि जादा हप्ता मिळून २,३००.

खर्च एकदाच लिहून टाकते: आर्किटेक्ट १२,०००, कोल्हापूर ५८,०००, खोकं आणि फायबर ३४,५००, बॅटरी-इन्व्हर्टर-वायर ४७,०००, टीव्ही २३,५००, स्पीकर ६,०००, जाणं-येणं आणि टेम्पो ७,८००, विमा वगैरे २,३००, आणि माळ्यावरचे दोन दांडे ९,४००. मार्चमध्ये मी वहीत "साठ हजार, फार तर" असं लिहिलं होतं. ते पान फाडलेलं नाही.

ऑक्टोबर संपता संपता अवकाळी पाऊस आला, चांगला चार दिवस. बादल्यांपेक्षा ती खरी परीक्षा. पाचव्या दिवशी दिराने झाकण उचललं, तळाला हात फिरवला आणि हात माझ्यापुढे धरला. कोरडा होता. तो काही बोलला नाही, मीही नाही.

२ नोव्हेंबर, पुन्हा रविवार. नवी मुंबईला महिला विश्वचषकाचा अंतिम सामना, भारत-दक्षिण आफ्रिका. तिथे पावसामुळे दोन तास उशिरा, पाचला सुरू झाला. इकडे गावात तुळशीची लग्नं. संध्याकाळची फेरी करून बोट जेटीला बांधली. पाहुणे अकरा, त्यात पुण्याहून आलेल्या चार मैत्रिणी आणि त्यांच्यातल्या एकीची आई. मी बटण दाबून धरलं. वर यायला पंचवीस सेकंद लागतात, तेवढा वेळ कोणी बोललं नाही. मग ती आई म्हणाली, "अगंबाई, देव्हाऱ्यातून आल्यासारखा आला की."

शेफालीच्या ८७ झाल्या तेव्हा बांगडे तळत होते, नीट बघता आलं नाही. २९८ झाल्या. मग त्यांची बॅटिंग. नऊनंतर एक गंमत लक्षात आली. इंटरनेटवरून येणारी मॅच अर्धा-पाऊण मिनिट मागे असते. काठावरच्या घरांत केबल आहे, त्यांना आधी दिसतं. त्यामुळे आमच्या पडद्यावर दीप्ती शर्मा चेंडू पुसत असायची आणि काठावर ओरडा व्हायचा. पहिल्यांदा वाटलं तुळशीच्या लग्नाचे फटाके. दुसऱ्यांदा कळलं की विकेट आहे. मग पाहुण्यांनी खेळच केला, काठावरून आवाज आला की एकमेकांकडे बघायचं आणि पडद्यावर ती विकेट पडायची वाट बघायची.

बाराच्या सुमारास सगळा काठ एकदम उठला. माळा सुटल्या, कोणीतरी थाळी बडवायला लागलं, समोर भोगव्याकडेही फटाके उजळले. आमच्या पडद्यावर अजून नववीच विकेट पडलेली होती. नदीन डी क्लर्क बॅट टेकवून उभी, दीप्ती धावायला निघालेली. मैत्रिणी आधीच उभ्या राहिल्या होत्या, एक रडत होती. त्या आई मात्र बसून होत्या. "थांबा गं," त्या म्हणाल्या, "मला दिसू दे." दिराने मागचा दिवा बंद केला. चेंडू वर गेला, हरमनप्रीत पाठमोरी धावत सुटली.